दीड बोट चेन

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या गणिताच्या सरांचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बाबा राइस मिलवर कामाला होते. दहावीच्या परीक्षेचं केंद्र अठरा किलोमीटरवर आलं आणि बस भरवशाची नव्हती, तेव्हा प्रत्येक पेपरला सर सकाळी आमच्या दारात मोटारसायकल घेऊन उभे राहिले. मी मागे बसायचो आणि ते पुढून सूत्रं विचारायचे. वाऱ्यात माझं उत्तर ऐकू आलं नाही की गाडी बाजूला घ्यायचे, उत्तर ऐकायचे, मान डोलवायचे आणि पुन्हा गिअर टाकायचे.

सरांची ती गाडी एका कंपनीची, आणि आयुष्यभर त्याच कंपनीची. दुसऱ्या कंपनीचं नाव ते घेत नसत, ‘ते लोक’ म्हणत. हेडमास्तरांनी ‘त्या लोकांची’ नवी गाडी घेतली आणि एकदा, सरांची गाडी दुरुस्तीला असताना, रस्त्यात थांबून म्हणाले, “बसा की मागे.”

सर म्हणाले, “नको जी, मला जरा घाई आहे,” आणि पायी निघाले.

मला पुण्यात नोकरी लागली तोवर सरांच्या गुडघ्यांनी किक मारणं सोडलं होतं. ते म्हणाले, “घेऊन जा बे. उभं राहून लोखंडाला गंज चढते. मास्तरलाही चढते, पण त्याला इलाज नाही.” गाडी रेल्वेच्या पार्सलनं पुण्याला आली. पेट्रोल काढून, बारदानात गुंडाळून, वर सरांच्या हातचा पुठ्ठा बांधलेला: ‘कृपया उभी ठेवावी. हिला अजून पुष्कळ जायचं आहे.’

सरांना आता कमी ऐकू येतं. फोनवर ते ‘हो, हो’ म्हणतात आणि ठेवून देतात. म्हणून आमचं पत्रांवर चालतं. महिन्याला त्यांचं एक पत्र येतं आणि त्याची शेवटची ओळ ठरलेली असते: ‘चेन बघतोस ना?’ मी उलट टपाली लिहायचो, ‘बघतो.’

कंपन्यांची नावं मी या लेखात घेणार नाही. दोन्ही बाजूंचे लोक वाचतात, आणि मला अजून पुण्यात गाडी लावायची आहे.

माझी नोकरी खराडीला, पण खोली नारायण पेठेत. नोकरीच्या आधी एक कोर्स करत होतो तेव्हाची ती खोली, घरमालक काका-काकूंच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर. काका मोटारसायकलीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. एकोणतीस वर्षं त्यांचं काम एकच: तयार झालेली प्रत्येक गाडी सुरू करायची, कान लावून ऐकायचं आणि सही करून बाहेर सोडायची. कारखाना अर्थातच ‘त्या लोकांचा’. घराच्या फाटकाआत छपराखाली पाच दुचाकींची जागा होती आणि फाटकावर पाटी होती:

‘आत फक्त आमच्या कंपनीच्या गाड्या. इतर कंपन्यांच्या ग्राहकांनी जागा आपापल्या कंपनीकडे मागावी.’

बारदान सोडून मी गाडी फाटकाशी आणली तेव्हा काका गॅलरीत उभे होते. त्यांनी आधी टाकीवरचं नाव वाचलं, मग नंबर प्लेट.

“एमएच छत्तीस? अरे वा. आकडा घेऊनच आलात.”

“काका, आत एक जागा रिकामी दिसतेय...”

“ती रिकामी नाही. ती राखीव आहे.”

“कोणासाठी?”

“चांगल्या गाडीसाठी.”

तेव्हापासून सरांची गाडी गल्लीत. आमच्या गल्लीत सम तारखेला एका बाजूला गाडी लावायची, विषम तारखेला दुसऱ्या. मी रोज सकाळी तोंड धुण्याआधी खाली उतरून गाडी या बाजूची त्या बाजूला करायचो.

ऑफिसात वेगळं युद्ध. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर दोन टोळ्या उभ्या असायच्या. एकीकडे जड, धडधडणाऱ्या गाड्यांवाले, दुसरीकडे बारीक आवाजाच्या, सुसाट गाड्यांवाले.

“तुझी बाइक आहे की मिक्सर? चटणी कर ना जरा.”

“आणि तुझी? स्टार्ट केलीस की सोसायटी खाली उतरते, भूकंप समजून.”

“अरे, फील असतो तो! तुला नाही कळणार, ब्रो.”

“फील नाही, व्हायब्रेशन. डॉक्टरला दाखव.”

मग दोघांना कंटाळा आला की सगळे माझ्याकडे वळायचे. “सर, तुमची गाडी कोणत्या संग्रहालयातून?” या एका प्रश्नावर दोन्ही टोळ्यांचं एकमत होतं. मी हसायचो, पण हेल्मेट घालताना टाकीवरचं नाव गुडघ्यानं झाकायचो. हे सांगायला आज लाज वाटते.

एका महिन्याच्या एक तारखेला मी घरूनच काम करत होतो. सवयीप्रमाणे सकाळी खाली गेलो आणि गाडी पलीकडच्या बाजूला लावली. त्या बाजूला माझी एकट्याचीच गाडी होती. मला वाटलं, आज जागा काय छान मिळाली! दहाच्या सुमाराला भोंग्यावर नंबर ऐकू आला, “एमएच छत्तीस...” आणि मी जिना उतरेपर्यंत टोइंगवाल्यांनी सरांची गाडी उचलून टेम्पोत ठेवली होती.

काका गॅलरीतून म्हणाले, “काल एकतीस होती. आज एक. दोन्ही विषम. चौथीचं गणित आहे हो. शाळेत गणित शिकवायला कोणी नव्हतं का?”

सरांचं नाव त्या वेळी तोंडातून काढणं शक्यच नव्हतं.

गाडी सोडवून आणली तेव्हा एका बाजूचं फुटरेस्ट वाकलं होतं. काका फाटकात माझी वाट बघत होते. आवाज जरा मऊ होता.

“अहो, किती दिवस हे? आमच्या कंपनीची घ्या. आम्हा निवृत्त लोकांना शिफारसपत्र देता येतं, सवलत मिळते. ही एक्सचेंजमध्ये देऊन टाका. आत छप्पर आहे. शिवाय टोइंगवाल्याला माझं फाटक उघडता येत नाही.”

मी हो म्हणालो. जिना चढता चढता मनात सरांना पुढचं पत्रही लिहून झालं: गाडी उत्तम आहे. त्यात खोटं काहीच नसतं. कोणती गाडी, एवढंच लिहायचं नव्हतं.

शोरूमचा माणूस गाडी बघायला येणार होता त्या रविवारी काका हत्यारांची पेटी आणि एक बुटकं स्टूल घेऊन गल्लीत आले. “माझ्या घरासमोर उभी राहून गाडी खोकली तर लोक मला हसतील,” म्हणाले. “कोणाची का असेना. करा सुरू.”

मी किक मारली. काका डोळे मिटून ऐकत राहिले. इंजिन ऐकतानाचा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला. पाटी लिहिणारा माणूस तो वाटत नव्हता.

“इंजिन ठणठणीत आहे,” ते नाइलाजानं म्हणाले. “मग खडखडतंय काय?” खाली वाकून त्यांनी चेनच्या कव्हरचं रबरी बूच काढलं, आत बोट घातलं आणि माझ्याकडे पाहिलं. “चेन कधी बघितली होती?”

सोळा महिन्यांत एकदाही नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजात ऑइल बदललं की माझं कर्तव्य संपायचं. चेन सुकून गेली होती आणि दोरीवरच्या कपड्यांसारखी लोंबत होती.

काकांनी गाडीतला पाना काढायला साइड कव्हर उघडलं आणि तिथेच थांबले. कव्हरच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता, वरून पारदर्शक पट्टी. अक्षर मी दहा फुटांवरूनही ओळखलं असतं. काकांनी मोठ्यानं वाचलं.

“‘एक. चेन दर दुसऱ्या रविवारी बघणे. दीड बोट हलली पाहिजे. दोन. हवा पुढे कमी, मागे जास्त. उलट करू नये. तीन. सकाळी सुरू केल्यावर अर्धा मिनिट थांबणे. तेवढ्यात कोणाला उशीर होत नाही. चार. गाडी मागेल त्याला द्यावी. घाईत असलेल्याला देऊ नये.’”

त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा एकदा, मनातल्या मनात, वाचलं.

“कोणी लिहिलंय?”

“आमच्या सरांनी. गाडी त्यांची आहे.”

“कशाचे सर?”

“...गणिताचे.”

काका एकतीस तारखेबद्दल काहीही बोलले नाहीत. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. थोड्या वेळानं म्हणाले, “अक्षर चांगलं आहे. माणूस नेटका दिसतो. कंपनी चुकली, पण नेटका.” मग एकदम ताठ झाले. “पण दीड बोट हे काय माप झालं? कोणाचं बोट? माझं? तुमचं? पेटीतून स्टीलची पट्टी द्या.” त्यांनी आपलं बोट पट्टीवर ठेवलं. “माझं दीड बोट पंचवीस मिलिमीटर. म्हणजे बरोबर आहे. पण त्यांची बोटं जाड असतील, तर सगळा घोटाळा. कशी आहेत त्यांची बोटं?”

मला आठवेना. खडूनं पांढरी झालेली बोटं डोळ्यांपुढे येत होती, जाडी येत नव्हती.

तेवढ्यात शोरूमचा माणूस आला. काकांनी त्याला स्टुलावरूनच परत पाठवलं. “आज नाही. आणि यांना आमची गाडी मिळणार नाही.”

“अहो काका, पण तुम्हीच...”

“अशी चेन ठेवणाऱ्याच्या हातात? मी एकोणतीस वर्षं एकेका गाडीवर सही केली आहे. ती काय अशा घरी द्यायला? चार रविवार या गाडीची चेन माझ्यासमोर बघायची. मग शिफारसपत्र. नाहीतर नाही.”

आपल्या कंपनीच्या अभिमानापोटी आपल्याच कंपनीचं गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मी रविवार मोजू लागलो. पहिल्या रविवारी चेन धुतली, हात दोन दिवस काळे राहिले. दुसऱ्या रविवारी मागचं चाक सरळ कसं बसवायचं ते शिकलो. काका फक्त स्टुलावर बसून टोमणे मारायचे. “हळू. तो नट आहे, नारळ नाही.” तिसऱ्या रविवारी गल्लीत गर्दी झाली, दोन रिक्षा आमच्यामुळे अडकल्या आणि वरून काकूंचा आवाज आला.

“अहो, रस्त्यात काय दुकान मांडलंय? आत घ्या की ती गाडी!”

“पाटी वाचता येते ना तुला?”

“मीच रंगवली आहे. घ्या आत.”

गाडी आत आली. ‘दुरुस्तीपुरती,’ काका म्हणाले. त्या संध्याकाळी ती बाहेर काढायचं कोणालाच आठवलं नाही.

चौथ्या रविवारी काकांनी बुचातून बोट घातलं, पट्टी लावली आणि खिशातून लिफाफा काढून माझ्यापुढे धरला. शिफारसपत्र, सहीसकट. मी हात पुसत होतो. लिफाफा घेण्यासाठीच पुसत होतो, पण पुसून झाले तरी हात पुढे गेला नाही.

“काका, माफ करा. मला नको.”

“का? आमच्या गाडीत काय वाईट आहे?”

“काही नाही. पण हिची चेन मला आत्ता कुठे कळायला लागलीय. आणि सरांना मी काय लिहिणार?”

“आमच्या गाडीलाही चेन असते,” ते म्हणाले. पण लिफाफा त्यांनी खिशात ठेवला. “सरांना खरं लिहा. सगळं. तुम्ही नाही लिहिलंत तर मी लिहीन, आणि माझी भाषा सगळ्यांना मानवतेच असं नाही.”

सोमवारी ऑफिसला निघालो तेव्हा पाटीवर काकूंच्या अक्षरात, ओल्या रंगात एक नवी ओळ होती: ‘अपवाद: एक. का, ते विचारू नये.’ त्या दिवशी टपरीवर मी टाकीवरचं नाव सगळ्यांना दिसेल अशी गाडी लावली. संध्याकाळी सरांना पत्र लिहिलं. ते असं:

तीर्थस्वरूप सर,

साष्टांग नमस्कार.

मी तुमच्याशी सोळा महिने खोटं बोललो. तुम्ही दर पत्रात चेनचं विचारलंत आणि मी दर पत्रात ‘बघतो’ लिहिलं. एकदाही बघितली नव्हती. त्याहून वाईट म्हणजे, तुमची गाडी देऊन मी ‘त्या लोकांची’ घेणार होतो आणि तुम्हाला कळवणार नव्हतो. साइड कव्हरच्या आतला तुमचा कागद वाचला नसता तर गाडी गेली असती. चौथा नियम वाचला आणि वाटलं, तुम्ही मला घाईत नसलेला समजून गाडी दिलीत. मी घाईत होतो. माफ करा.

गाडी माझ्याकडेच आहे आणि छपराखाली आहे. वाकलेलं फुटरेस्ट सरळ केलं. माझ्या चुकीनं ती एकदा टोइंगवाल्यांनी उचलली होती. तारखेचं गणित चुकलं होतं. कसं चुकलं ते समोर आल्यावर सांगेन, लिहवत नाही.

आमचे घरमालक काका ‘त्या लोकांचे’ आहेत, पण हे सगळं त्यांच्यामुळेच झालं. माझ्यासाठी लिहिलेल्या शिफारसपत्राच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी तुमचे चारही नियम उतरवून घेतले आणि स्वतःच्या गाडीच्या साइड कव्हरमध्ये चिकटवले. दोन, तीन आणि चार त्यांना मान्य आहेत. पहिल्यावर त्यांची हरकत आहे. दीड बोट हे माप नव्हे, असं त्यांचं म्हणणं, म्हणून मापाची जागा त्यांनी रिकामी सोडली आहे.

तरी एक विनंती. उजव्या हाताचं पहिलं बोट कागदावर ठेवून भोवती पेन्सिलीनं आखावं आणि तो कागद सोबतच्या पाकिटातून पाठवावा. तिकीट लावलेलं आहे. ‘पेन्सिल उभी धरावी, तिरकी धरल्यास माप वाढतं,’ असं काकांनी मुद्दाम लिहायला सांगितलं आहे. तुम्ही पुण्याला आलात तर बोट समक्ष मोजता येईल, असंही ते म्हणाले. काकू म्हणतात, हे त्यांचं जेवायचं आमंत्रण आहे.

आपला विद्यार्थी

ता. क. चेन काल बघितली. माझ्या बोटानं दीड आहे.