खिचडीवाल्या तानाबाईचं तोंड

कळंब्याच्या अलीकडं एक शाळा हाय. तिथं तानाबाई बारा वरसं पोरांची खिचडी शिजवती. बाई मायाळू, पण तोंड म्हंजी भोंगा. नुस्तं "या गं पोरींनो" म्हटलं तरी रस्त्यावरची म्हस दचकावी.

सहावीतली अनुजा औंदाच आल्याली. तिचा बा कळंब्याच्या जेलात. भेटीला जवळ पडावं म्हणून आईनं हितंच खोली घेतल्याली. ही गोष्ट राजनंदिनीला आन तिच्या दोन मैत्रिणींना कुठनं तरी कळली. मग काय, रोज पंगतीत तिच्या कानाशी चालू. "सरका गं, जेलचं ताट आलं." "अनुजा, तुझं पप्पा सहलीला गेल्यात न्हवं? कवा येणार?" आन खी खी खी. पोरगी मान खाली घालून दोन घास खायची, बाकीचं ताटात तसंच.

तानाबाई आठ दिस ते ताट बघत हुती. नवव्या दिशी बोलणं तिच्या कानावर पडलं आन डोसकं फिरलं. पळी आपटली पातेल्यावर. "कोण गं ती भवानी? बा जेलात हाय म्हणून ह्या अनुजानं काय तुमच्या घरात दरोडा घातलाय व्हय?"

पंगतीला बसल्याली अडीचशे पोरं. तवर तिघींनाच म्हाईत हुतं, आता सगळ्यास्नी कळलं. अनुजानं ताट तिथंच ठेवलं, दप्तर उचललं आन गेली. चार दिस शाळंत आलीच न्हाय.

तानाबाईला अन्न ग्वाड लागंना. पाचव्या दिशी ती अनुजाच्या खोलीवर गेली. आईनं दार अर्धंच उघडलं.

"मावशी, तुमचं मन चांगलं हाय. पण पोरगी म्हणती, त्या तिघी परवडल्या."

तानाबाई तिथनं तशीच मोठ्या बाईंकडं, संयोगिता मॅडमकडं गेली. "मॅडम, चूक माझी झाली. आता तुमीच बगा." मॅडमनी बी खाली बघितलं. पोरगी जेवती का न्हाय, हे त्यांनी तरी कवा इचारलं हुतं? त्यांनी तिघींच्या आयांना एकेकटीला बोलवून घेतलं, गाजावाजा न करता. पंगतीत रोज एक शिक्षिका बसाय लागली. अनुजाच्या घरी मॅडम सोता गेल्या.

सोमवारी अनुजा आली. ताट घिऊन ओळीत उभी राहिली. मागं कुजबुज झालीच. तानाबाईनं तोंड उघडलं, तवर पोरगी हळूच म्हणाली, "मावशी, आज काय बी बोलू नका."

"न्हाय गं," तानाबाई म्हणाली, ते बी तिच्या एकटीलाच ऐकू जाईल असं.

अनुजा एका कडंला जाऊन बसली. निम्मं खाल्लं. उद्या येतीस न्हवं, एवढंच इचारायचं तानाबाईच्या ओठावर आलतं. पण तिनं इचारलं न्हाय.