अणू पिसणाऱ्या शुभदाताई

शुभदाताईंची आणि माझी ओळख एका शब्दावरून झाली. जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळात त्यांचे व्याख्यान होते आणि त्याचे वृत्त मला वर्तमानपत्राला धाडायचे होते. ताई भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक. लेझरच्या चिमट्यांत धरलेले अणू कोणत्या क्रमाने हलवले, की एकात ठेवलेली माहिती झटपट सगळ्यांत पसरेल, याचे प्रयोग त्या संगणकावर मांडतात. त्या म्हणतात, "अणू जबलपुरात भरपूर आहेत, चिमटे तेवढे परदेशात."

या पसरण्यासाठी मी 'संविकीर्णन' असा शब्द घडवून नेला. त्यांनी तो आदराने ऐकला. "पंडितजी, हे ऐकून अणूच उठून जातील. आणि पहिल्या रांगेत माझी आई बसणार आहे."

लेक नेमके काय करते, हे आईंना कधी कळलेच नव्हते. शेजाऱ्यांना त्या "कॉलेजात असते" एवढेच सांगत. ताईंना ते एकदा तरी, मराठीतूनच, त्यांच्यापर्यंत पोचवायचे होते. म्हणून शब्द घरचा निवडला: पिसणे. पत्ते पिसतात तसे अणू पिसायचे.

मागे बसलेल्या तरुण मंडळींची मराठी हिंदीच्या आधाराने चालते, आणि हिंदीत 'पीसना' म्हणजे दळणे. एकीने विचारलेच, "दीदी, अणू पीसले तर आटाच होईल न? मग माहिती उरते कशी?"

सभागृह हसले. ताई मात्र खूश झाल्या. "चक्की नाही, गड्डी," म्हणत त्यांनी पर्समधून पत्ते काढले. "दळलं की दाणा गेला. पिसलं की काहीच जात नाही. फक्त आमचे पत्ते शेजारी आले की एकमेकांत गुंततात. मग गुपित कोण्या एकाजवळ राहत नाही, साऱ्यांत मिळून राहते."

पहिल्या रांगेतून आवाज आला, "म्हणजे एकाला विचारून भागत नाही. साऱ्यांनाच विचारावं लागते. स्थळाच्या चौकशीसारखं."

"हो आई, तसंच."

"मग इतके वर्षं सांगितलं काहून नाही?"

ताई हातातले पत्ते नुसतेच पिसत राहिल्या.

एरवी त्यांचा दरारा मोठा. पण त्यांचे चर्चासत्र बाहेरगावाहून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सिहोऱ्याच्या बसच्या वेळेवर ठरते. एकदा एका विद्यार्थिनीची बस सुटली, तेव्हा ताईंनी तिला स्कूटरवर घेऊन पुढच्या थांब्यावर बस गाठली आणि वाटेत उरलेले गणितही समजावले.

ताईंना आता साठ वर्षे पूर्ण होत आहेत. हल्ली आई अभिमानाने सांगतात, "मुलगी अणू पिसून राहिली," आणि शेजारी गिरणीचा पत्ता विचारतात. ताईंचा स्नेहही आम्हा साऱ्यांत असाच गुंतून गेला आहे; एकाला विचारून तो कळायचा नाही. म्हणून सारे मिळूनच मागतो: ताईंनी ठणठणीत शंभरी गाठावी आणि तो सोहळा आईंनी पहिल्या रांगेतून पाहावा. आईंच्या वयाचा हिशेब कोणी करू नये.