हिरवळ काढलेली गल्ली

व्हर्ला जॉर्गेन्सनने पाणी पळून जाताना पाहिलं होतं. शब्द तिचेच. उमेदीची सगळी वर्षं तिने धरणाच्या सरोवरावर घालवली. तिथे बोटींच्या धक्क्यावर तरंगतं दुकान होतं आणि ती गल्ल्यावर बसून बर्फ, गळाचं आमिष आणि उन्हाच्या टोप्या विकायची. लग्न एकदाच केलं, तेही एका बोटवाल्याशी. तो एका हंगामात तिला सोडून गेला तो गेलाच. त्याचं तिला फारसं वाटलं नाही. पाण्याचं मात्र वाटलं.

दर काही वर्षांनी सरोवर मागे सरकायचं आणि अख्खा धक्का साखळदंड सोडवून पाण्यामागे ओढत न्यावा लागायचा. पाणी गेलं की मागे भेगाळलेला चिखल उरायचा. त्यात बियरचे डबे, चष्मे, एकदा तर नाक वर करून उभी रुतलेली अख्खी बोट. कडेच्या खडकांवर जुन्या पाण्याचा पांढरा पट्टा राहिला होता, तो दरसाल उंच दिसायचा. शेवटच्या वर्षी संध्याकाळी दुकान बंद करून गाडीपर्यंत चढताना तिला मध्येच दगडावर बसावं लागलं. वाटलं, वय झालं. मग मागे वळून पाहिलं. चढ वाढला होता. पाणी तेवढं खाली गेलं होतं.

निवृत्त होऊन ती वाळवंटातल्या हेंडरसन गावी आपल्या घरात पूर्णवेळ राहायला लागली. पुढे रस्ता नसलेली छोटी गल्ली, प्रत्येक घरापुढे हरळीची हिरवळ, आणि हिरवळीत एकेक जुनं झाड. पहाटे फवारे सुरू झाले की निम्मं पाणी रस्त्यावरून वाहायचं. व्हर्ला खिडकीतून बघायची आणि तिचा जीव तुटायचा. पाणीखात्याने हिरवळ काढून खडी आणि वाळवंटी झाडं लावणाऱ्याला चौरस फुटामागे पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हा ही बाई हात धुऊन गल्लीच्या मागे लागली.

सगळ्यात चिवट निघालं ते समोरचं घर. आर्सेनिओ बालुयोत जुगारघरात पत्ते वाटण्यात म्हातारा झालेला, मूळ फिलिपिन्सचा. व्हर्लाहून चार महिन्यांनीच लहान, पण तिला चिडवायला 'आते' म्हणायचा. त्यांच्यात आते म्हणजे थोरली बहीण. त्याची बायको मिलाग्रोस गुडघ्यांनी अधू आणि कानांनी मंद. त्यांच्या दारातली तुती गल्लीत सगळ्यात मोठी. फळ न धरणारी जात, पण सावली अशी की भर दुपारीही पश्चिमेच्या खोलीत अंधारून यायचं. संध्याकाळी मिलाग्रोसची खुर्ची त्याच झाडाखाली असायची.

"आते, आली का तू परत?" आर्सेनिओ दारातूनच ओरडला. "मिलाग्रोस, ताट लपव, पाणीवाली आली!"

"हस तू," व्हर्ला म्हणाली. "सरोवर आटलं की मग पत्ते पीत बस."

"अगं पण निवडुंगावर बसू कुठे मी?"

"खुर्चीवर बस. आजवर काय गवतावर लोळत होतास?"

मिलाग्रोस भाताची वाटी मांडीवर घेऊन बसली होती. तिने विचारलं, "आणि झाड काय पिणार?"

खात्याच्या बाईने सभेत सांगितलं होतं की हिरवळ गेली तरी जुन्या झाडांना पाणी लागतं, तेही लांबवर पसरलेल्या मुळांना. व्हर्लाने ते ऐकलंही होतं. पण दारोदार फिरून फिरून तिच्या तोंडी आता एक सुटसुटीत उत्तर बसलं होतं.

"झाड आपलं पाणी आपण शोधतं गं. एवढं मोठं झालंय, त्याला काय भरवायला हवं?"

आर्सेनिओने बायकोकडे पाहिलं, मग मान डोलावली. "चला. आते म्हणते तर हो."

वसंतात यंत्रं आली. हरळी चटईसारखी गुंडाळून ट्रकवर चढली. खाली काळं कापड, त्यावर तपकिरी खडी, मधे घायपात आणि निवडुंगाचे ठोंबे. ठेकेदाराच्या माणसांनी तुतीच्या बुंध्याशी ठिबकच्या दोन नळ्या खोचल्या आणि गेले. व्हर्ला संध्याकाळी गल्लीच्या टोकाला उभी राहिली. रस्ता कोरडा ठणठणीत होता. कितीतरी वर्षांनी तिला बरं वाटलं.

पहिला उन्हाळा काही न होता गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात तुतीची पानं तळहाताएवढी यायची ती बोटांएवढीच आली आणि कडेने करपली. शेंड्याला दोनचार फांद्या उघड्या राहिल्या. शेजारच्या घराच्या झाडाचंही तसंच. व्हर्लाने पाहिलं आणि कीड असेल म्हणून मान फिरवली. पण खडी तिला मान फिरवू देईना. सूर्य बुडाल्यावरही गल्लीतून भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ यायची. भिंतीला हात लावला की चटका बसायचा.

"पाखरं येत नाहीत आता," एकदा मिलाग्रोस म्हणाली. खुर्ची तिने अजून हलवली नव्हती, पण सावलीला भोकं पडली होती.

"येतील," व्हर्ला म्हणाली. तिचा आवाज तिलाच खोटा वाटला.

तिसऱ्या वर्षी आर्सेनिओने ठिबक दिवसरात्र चालू ठेवलं. पाणी बुंध्याशी मुरत राहिलं. ज्या मुळांना ते हवं होतं ती पार रस्त्यापर्यंत पसरलेली, तापल्या खडीखाली केव्हाच वाळून गेलेली. झाडं छाटणारा माणूस आला. त्याने बुंध्यावर बोटांच्या पेरांनी टकटक केलं, वर पाहिलं आणि उगाचच दोन पावलं मागे सरला.

"आतून गेलंय. पाडावं लागेल. हे वारे सुरू व्हायच्या आत."

"मग आजच पाड," आर्सेनिओ म्हणाला.

"साहेब, तुमच्यासारखं अर्धं गाव आहे. पुढच्या आठवड्यात येतो."

वारा त्याच्या आधी आला. त्या दिवशी आर्सेनिओ मुलीला आणायला विमानतळावर गेला होता आणि व्हर्ला दात दाखवायला गावात. अकराच्या सुमारास दक्षिणेकडून धुळीची भिंत आली. विमानं दुसरीकडे वळवली, रस्त्यांवरचे दिवे बंद पडले. आर्सेनिओ तिथेच अडकून राहिला, घरी फोन लावत राहिला. मिलाग्रोसला घंटी ऐकू येत नसेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

व्हर्ला दुपार कलताना गल्लीत शिरली आणि गाडी मध्येच थांबवून उतरली. तुतीची निम्मी बाजू आडवी पडली होती. पडताना तिने घराला वीज देणारी तार तोडली होती आणि घर गार ठेवणारं यंत्र चेपून टाकलं होतं. तार दारापुढच्या खडीवर पडली होती आणि मधूनमधून तडतडत होती. कोपऱ्यावरचा एक शेजारी लांब उभा होता.

"अग्निशमनवाल्यांना कळवलंय. आत जाऊ नका म्हणालेत. सगळीकडे हेच चाललंय, वेळ लागेल."

"आत मिलाग्रोस आहे!"

"मला वाटलं, दोघंही गेलीत विमानतळावर."

व्हर्लाने त्या शेजाऱ्याची शिडी घेतली, मागच्या बोळातून गेली, भिंतीवर चढली आणि पलीकडे अंगाला खरचटत उतरली. मागचं दार फक्त ओढलेलं होतं. आतली हवा तोंडावर आली तशी ती क्षणभर मागे झाली. बाहेर निदान वारा होता. पश्चिमेच्या खोलीत, जिथे पूर्वी भर दुपारी अंधारायचं, तिथे ऊन थेट मिलाग्रोसच्या मांडीवर पडलं होतं. ती खुर्चीत होती. कातडी लाल, कोरडी. डोळे उघडे, पण त्यात ओळख नव्हती.

व्हर्लाने तिला काखेत हात घालून न्हाणीघरात ओढत नेलं आणि गार पाण्याचा नळ पुरता सोडला. नळातून कढत पाणी आलं. जमिनीतले नळसुद्धा तापले होते. ती धारेखाली हात धरून थांबली, थेंबाथेंबासाठी भांडणारी ही बाई, आणि पाणी नुसतं धो धो वाहत राहिलं, गार होईना. मग ती स्वयंपाकघरात धावली. बर्फाच्या कपाटात गोठलेले मासे होते, वाटाण्याच्या पिशव्या होत्या. ते सगळं तिने मिलाग्रोसच्या काखेत, मानेशी, मांड्यांमध्ये ठेवलं आणि फरशीवर बसून तिला ओल्या टॉवेलने वारा घालत राहिली. "मिलाग्रोस, इकडे बघ. माझ्याकडे बघ गं." अग्निशमनवाले येईपर्यंत तिचा आवाज बसला होता.

मिलाग्रोस वाचली. पण दवाखान्यातून आली ती पहिली मिलाग्रोस नव्हती. नावं तिच्या हातून सुटायला लागली. व्हर्लाला ती कधी कुणा लुर्देसच्या नावाने हाक मारायची, कधी नर्स म्हणायची. मुलीने दोघांना आपल्याकडे रीनोला न्यायचं ठरवलं. सामान भरायच्या दिवशी व्हर्ला समोर गेली. आर्सेनिओ खोक्यांना चिकटपट्टी लावत होता.

"मला बोल काहीतरी," ती म्हणाली. "शिव्या दे."

त्याने पट्टी दाताने तोडली. "आते, 'हो' मीच म्हणालो होतो ना? तू काय माझा हात धरला होतास?"

शिव्या सोसल्या असत्या. हे तिला सोसलं नाही.

हिवाळ्यापर्यंत गल्लीतली उरलेली झाडंही पडली. बुंधे यंत्राने दळून भुसा केला, त्यावर खडी पसरली. व्हर्ला एकदा गाडी घेऊन सरोवरावर जाऊन आली. धक्का आणखी आत गेला होता आणि पांढरा पट्टा आणखी उंच दिसत होता. म्हणजे हरळी जायलाच हवी होती, हेही खोटं नव्हतं. तिने ठिकठिकाणी पटवलेलं सगळं खरं होतं, एक वाक्य सोडून.

त्यानंतरच्या वसंतात पलीकडच्या गल्लीत हरळी काढायची यंत्रं वाजायला लागली. व्हर्ला गेली. एका घरापुढे मोठं राखी खोडाचं झाड होतं आणि मालकीण, तरुण बाई, कॉफीचा पेला घेऊन काम बघत होती.

"बाई, झाडाला आधी पाणी द्या. बुंध्याशी नको. फांद्या जिथवर पोचल्यात तिथवर, गोल चर खणून. मी दाखवते."

"ठेकेदार ठिबक देणार आहे म्हणाला."

"तेवढं पुरत नाही. आमच्या गल्लीत एक झाड उरलं नाही."

बाईने वर पाहिलं आणि हसली. हसण्यात तिरस्कार नव्हता. "अहो, किती छान पालवलंय ते. त्याला काय होतंय?"

यंत्र सुरू झालं आणि पुढचं बोलणं त्यात बुडालं.

व्हर्ला दोन वर्षं त्या गल्लीत फिरकली नाही. मग एका जूनच्या सकाळी, ऊन तापायच्या आत, ती चालत तिकडे गेली. झाड हिरवं होतं. शेंड्याला एकच फांदी उघडी पडली होती, लांबून पाहिलं तर लक्षातही आली नसती. तुतीचंही असंच शेंड्यापासून सुरू झालं होतं. खालच्या जाड फांदीला नवाकोरा झोका बांधला होता.

तिने दाराची घंटी वाजवली. आत कुणीतरी चालल्यासारखं वाटलं. तिने पुन्हा वाजवली आणि बोट तसंच दाबून धरलं.