पाटाच्या पाण्याचा खेळ

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिली मी. हे मी कुठेही सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. पण त्या पदवीचा शेवटचा प्रोजेक्ट बाबांमुळे पास झाला, हेही मग सांगावंच लागतं. बाबांनी सातवीतून शाळा सोडली आणि विरारजवळच्या वटार गावातल्या आमच्या वाडीत केळीच्या मागे लागले ते कायमचे.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मी बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होते. दोघादोघांनी मिळून एक प्रोग्राम करायचा असे. बहुतेक जोड्या लायब्ररीचा करत. पुस्तक दिलं, पुस्तक परत आलं, झालं. मागच्या वर्षीच्या मुलांकडून फ्लॉपीत आणायचा आणि वर आपलं नाव टाकायचं. माझी जोडीदारीण म्हणजे माझी मैत्रीण, विरारच्या फ्लॅटमधली. तिच्या घरी कॉम्प्युटर होता आणि माझा चित्रकलेचा हात बरा होता. आम्ही म्हटलं, आपण गेम करू. वाडीला पाणी द्यायचा गेम.

चित्रं माझ्याकडे. आलेखाच्या वहीत सोळा चौकोन आडवे, सोळा उभे, एवढ्यात एक केळ बसवायची. मग एकेक चौकोन मोजून त्याचे आकडे प्रोग्राममध्ये भरायचे. रंगही सोळाच, त्यात हिरवे दोन. कोवळं पान आणि जुनं पान तेवढ्यात भागलं, पण मातीला तपकिरी एकच होता. ओली माती दाखवायला मी एक ठिपका तपकिरी, एक काळा असं भरत गेले. लांबून बघितलं की खरंच ओल आल्यासारखी दिसायची. त्या दिवशी मी मैत्रिणीच्या आईला स्वयंपाकघरातून हात धरून आणलं आणि ती माती दाखवली. बिचारी छान म्हणाली.

पाणी मैत्रिणीकडे. गेम असा होता: एका कडेला तळं, तिथून निघणारा पाट, पाटाला लागून सहा वाफे. कळ दाबली की वाफ्याचं तोंड उघडायचं, परत दाबली की बंद. मोटर ठरावीक वेळच चालायची. ही वेळेची कल्पना तिची. तिच्या बिल्डिंगमध्ये सकाळी चाळीस मिनिटं पाणी यायचं आणि त्यात घरातली चारही माणसं बादल्या घेऊन धावायची, त्यामुळे ते दुःख तिला पाठ होतं.

आमचे सर शांत स्वभावाचे. त्यांनी खुर्ची ओढून गेम खेळून बघितला. पहिला वाफा भरला, दुसरा भरला, करत करत सहाही भरले. वेळ उरला. त्यांनी उलटीकडून भरून बघितले, तरी सगळे भरले आणि वेळ तेवढाच उरला.

"चित्रं छान आहेत," सर म्हणाले. "पण यात हरायचं कसं?"

सरांनी आठ दिवस दिले. तेवढ्यात यात खेळ दिसला तर ठीक, नाहीतर मुकाट्याने लायब्ररीचा प्रोग्राम करा, म्हणाले. मागच्या वर्षीच्या फ्लॉप्या बाकीच्या जोड्यांनी केव्हाच उचलल्या होत्या, मग आठ दिवसांनी लायब्ररीचा तरी कुठून होणार होता? माझं वर्ष जाणार हे मला स्पष्ट दिसत होतं. घरातली पहिली पदवीधर नापास, हे घरी कुठल्या तोंडाने सांगायचं, याचाच विचार डोक्यात होता.

मैत्रीण म्हणाली, तुझी खरी वाडी तरी दाखव. रविवारी ती आली. बाबा पाणीच देत होते. वाडीतल्या तळ्याला आमच्याकडे बावखल म्हणतात. त्यावर मोटर लावलेली, पाट भरून वाहत होता. मैत्रिणीने जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "काका, मी करून बघू?" बाबांनी फावडं तिच्या हातात दिलं आणि बांधावर बसले.

तिने जवळचा वाफा आधी घेतला. कुणीही घेईल. तो भरला, तिने चिखल ओढून तोंड बुजवलं आणि दुसऱ्याकडे गेली. तोवर पहिल्याचं तोंड पाझरायला लागलं. ती मागे धावली. तेवढ्यात दुसऱ्याचा बांध फुटला. तिसऱ्यापर्यंत पाणी जेमतेम सरकत होतं आणि ती गुडघ्यापर्यंत चिखलात. अकराला रोजच्यासारखी लाईट गेली, मोटर थांबली. शेवटचे तीन वाफे कोरडे ठणठणीत.

"हरलीस गो पोरी," बाबा हसत म्हणाले.

ती फावडं टाकून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "यार, हाच तर गेम आहे."

मग बाबांनी समजावलं. घरातली बोली इथे जरा सोपी करून लिहिते. "पानी लांबच्या वाफ्याला पहिलं द्यायचं. एकदा फोडलेलं तोंड कितीही बुजव, ओल्या चिखलाचं ते, झिरपनारच. लांबचा भरला की पाट तिथेच तोडायचा आनि एकेक मागे यायचं. मग भरलेल्याच्या अंगावरून पानी जातच नाही."

हे मी एकवीस वर्षं त्या वाडीत राहून ऐकलं नव्हतं. मी फावड्याला हात लावला की बाबा म्हणायचे, तू पुस्तक धर. मी पुस्तक धरलं. ज्या पाण्यावर माझी फी भरली गेली ते पाणी कसं चालतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि मी त्याचा प्रोग्राम करायला निघाले होते.

मैत्रिणीला आकडे हवे होते. वाफा भरायला किती वेळ? बाबा म्हणाले, दोन बिड्या. आणि कोरड्या पाटातून पाणी टोकाला पोचायला? एक बिडी. पाट ओला असेल तर अर्धी. तिने हातावरचं घड्याळ काढलं आणि म्हणाली, काका, एक ओढून दाखवा. एकदा मोजून तिचं समाधान होईना. आई भांडी घासताना ऐकत होती. कॉलेजच्या अभ्यासाला बिड्या लागतात हे आज कळलं, म्हणाली.

पुढचे पाच दिवस मी विरारला तिच्याकडेच होते. ती बुजवलेल्या तोंडातून पाणी पाझरवत होती, मी फुटक्या बांधाची चित्रं काढत होते. पहिल्यांदा हरलो तेव्हा आम्ही दोघी खुर्च्यांवरून उठून नाचलो.

आमच्या सरांनी गेमला होकार दिला. परीक्षेला बाहेरचे सर आले. कॉलेजच्या मशीनवर गेम अडखळत होता, म्हणून मैत्रिणीचाच कॉम्प्युटर न्यायचा ठरला. बाबांनी तो केळीच्या करंड्यात घातला, चारी बाजूंनी सुकी केळीची पानं कोंबली आणि ओळखीच्या टेम्पोतून मांडीवर घेऊन आणला. प्रयोगशाळेच्या दारात ते करंडा सांभाळत उभे राहिले.

बाहेरच्या सरांनी आधी छापलेला प्रोग्राम चाळला. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. हे बिडी काय आहे, म्हणून विचारलं. वेळेचं माप, असं मी सांगितलं, आणि एक बिडी म्हणजे खेळातले सात सेकंद हेही सांगितलं. आमचे सर खिडकीबाहेर बघू लागले.

मग बाहेरचे सर खेळायला बसले. जवळचा वाफा आधी. हरले. पुन्हा खेळले, पुन्हा जवळूनच, पुन्हा हरले. चष्मा पुसून तिसऱ्यांदा सुरुवात केली, तेव्हा दारातून आवाज आला, "साहेब, लांबचं पहिलं."

सगळे मागे वळले. बाहेरच्या सरांनी विचारलं, हे कोण?

"माझे वडील," मी म्हटलं. "यातलं पाणी त्यांचं आहे."

बाहेरच्या सरांनी बाबांना आत बोलावून शेजारी खुर्ची दिली. बाबा खुर्चीच्या टोकावर बसले आणि स्क्रीनवर बोट न टेकवता, हवेतूनच, कुठे तोडायचं ते दाखवत राहिले. लायब्ररीवाल्या तीन जोड्या बाहेर ताटकळत होत्या. पाचव्या वाफ्याला वेळ संपला तेव्हा बाहेरच्या सरांनी चक्क चुटपुट लागल्यासारखी मांडीवर थाप मारली आणि आमच्या सरांना म्हणाले, "हरता येतं हो यात. मजा येते."

परतताना बाबा म्हणाले, साहेबांचे चार भरले. पहिल्या दिवसाच्या मानाने बरे. मग म्हणाले, "आनि तुझं?"

"पास, बाबा."

करंड्यातलं एक सुकं पान काढून त्यांनी त्याची नीट घडी घातली आणि ते परत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर सुरू झाल्यावर त्यांनी मला हाक मारली आणि फावडं पुढे केलं. "ये बाय. आता शिक."

मी लांबच्या वाफ्यापासून सुरुवात केली. सगळं पाठ होतं. तरी अकराला लाईट गेली तेव्हा माझे दोनच भरले होते. बाबा बांधावर बसून पोट धरून हसत होते, आणि चिखलात उभी राहून मीही.