वाढवलेले मणी

शांती नगरातल्या आमच्या घरी भिंतीवर एका महाराजांचं चित्र छापलेला रुमाल होता. शेजारची भाभी विचारायची, "ये आपके दादाजी हैं क्या?" आई हसून म्हणायची, "नहीं, राजासाब हैं." बाबा लहानपणी एका संस्थानातल्या गावी शाळेत होते. महाराज गादीवर बसल्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा शाळेतल्या पोरांना पेढा आणि हा रुमाल वाटला होता. पेढा तिथेच संपला, रुमाल बाबांबरोबर आधी मुंबईत आणि मग मीरा रोडला आला. एवढ्या वर्षांत त्या रुमालाने एकदा तोंडसुद्धा पुसलं नाही म्हणून आई त्यांना छळायची.

इथे आलो आणि थोड्याच दिवसांत बाबा गेले. आईने मंगळसूत्र उतरवलं. वाट्या कपाटात ठेवल्या, आणि केबिन रोडच्या बाजारातून बारीक सुई आणून काळे मणी रुमालाच्या चारी कडांना शिवून टाकले. "आता राहू देत दोघं एकत्र," म्हणाली.

पुढे रुमालाला ओल धरायला लागली. मिठागरांची हवा, भिंती घामेजलेल्या, दुसरं काय होणार? एका संग्रहालयात संस्थानी काळातली कापडं जमवतायत असं कळलं, तेव्हा काळजावर दगड ठेवून तिने तो दिला. तिथल्या तरुण बाईंना म्हणाली, "वाढवलेले मणी आहेत हो हे. जपा."

आमच्यात बांगडी फुटली, मंगळसूत्र तुटलं असं तोंडाने म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. नवरा गेल्याचं परक्या माणसाला याहून जास्त सांगणं आईला जमलंच नसतं. बाईंनी लिहून घेतलं.

काही महिन्यांनी आम्ही बघायला गेलो. काचेच्या कपाटात कुठल्या कुठल्या राण्यांच्या मणीकामाच्या पिशव्या, आणि मधोमध आमचा रुमाल, स्वच्छ धुतलेला. कडा मोकळ्या.

"मणी कुठायत?" मी विचारलं.

"ते मूळचे नव्हते ना," बाई म्हणाल्या. "आईच म्हणाल्या होत्या, नंतर वाढवलेत म्हणून. कापड ताणलं जात होतं, काढावे लागले."

"काढून ठेवलेत कुठे?"

"ठेवले नाहीत. साधे काचेचे होते."

माझं डोकंच फिरलं. मराठी घरातली बाई, आणि मणी वाढवणं म्हणजे काय ते ठाऊक नाही? मी चांगली फैलावर घेणार होते, पण आईने माझा दंड धरला. ती रडत होती. बाबा गेले तेव्हाही मी तिला असं हुंदके देताना पाहिलं नव्हतं.

"चल, रुमाल परत मागू," मी म्हटलं.

"नको गं. घरी कुजून जाईल तो." पदराने डोळे पुसून ती पुन्हा काचेकडे बघायला लागली. "मला नाही ठेवलं, तर नाही. तुझ्या बाबांना तरी ठेवू देत."