बादलीचा दोर

गच्चीवर काम करणारी सगळी माणसं त्यांना भाऊजी म्हणायची. नातं खरं तर एकाचंच होतं. पण तो एक जण दिवसभर "भाऊजी, भाऊजी" करत असल्यामुळे बाकीच्यांनीही तेच उचललं. तो एक म्हणजे त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. आणि भाऊजींच्या पोटात जे काही दुखायचं ते या मेहुण्यावरूनच दुखायचं.

काम दोघांचं मिळून. उंच इमारतींच्या बाहेरच्या काचा धुवायच्या. मेहुणा फळीवर बसून दोरावरून खाली उतरायचा, भाऊजी वर गच्चीत बसायचे. बसायचे म्हणजे आराम करायचे असं कुणी समजू नये. गाठी त्यांनीच बांधायच्या, ताणून बघायच्या, कठड्याच्या धारेवर दोर घासू नये म्हणून खालची गोणपाटाची घडी सरकवत राहायची. शिवाय एक बारीक दोर कायम हातात. तो बादलीचा. त्यावरून पाणी खाली जायचं आणि बोलणंही व्हायचं, कारण इतक्या उंचावर वाऱ्यात हाक ऐकू येत नाही. दोन झटके म्हणजे पाणी पाठवा. एक झटका म्हणजे नुसतंच, "आहात ना?" त्यावर वरून एक झटका, "आहे." ही पद्धत भाऊजींनीच घालून दिलेली. ऐन उमेदीची वर्षं ते स्वतः त्या फळीवर लटकले होते. मग एकदा भर उन्हात डोळ्यांपुढे अंधारी आली, डॉक्टरांनी रक्तदाबाचं नाव घेतलं आणि फळी सुटली. तेव्हा त्यांनीच मेहुण्याला आणलं, हाताला धरून शिकवलं.

आता शिकवलेल्या माणसाने शिकवणाऱ्याचं नाव घ्यावं की नाही? हा बहाद्दर देवाचं घ्यायचा. फळीवर बसण्याआधी डोळे मिटायचा, ओठ हलवायचा आणि घरच्या ओट्यावरून उतरावं तसा कठड्यापलीकडे जायचा. कुणी विचारलं, "भीती नाही वाटत?" की ठरलेलं उत्तर, "तो आहे की सोबत." आणि भाऊजी तिथेच, हातभर अंतरावर, घामाघूम होऊन गाठ आवळत असायचे.

एकदा तर कमालच झाली. अचानक वारा सुटला, फळी गरागरा फिरायला लागली. भाऊजींनी पाय कठड्याला रोवून दोर खेचून धरला. तळहाताची सालं निघाली. मेहुणा वर आला, त्याने आधी आभाळाकडे बघून हात जोडले, आणि मग भाऊजींकडे वळून काय म्हणावं? "भाऊजी, पाणी आहे का?"

त्यांनी पाणी दिलं. पण अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

घरी जावं तर तिथेही तेच. बायको हाताला मलम लावता लावता म्हणाली, "माझ्या भावाचं मात्र मानलं पाहिजे. मरणाच्या दारातून आला आणि चेहऱ्यावर काही नाही. पोरगी महिनाभर दवाखान्यात होती, मालकाने खोली सोडायला सांगितलीय, तरी आपला शांत. तुम्ही बघा, इथे बसल्या बसल्या काळजी करता."

"मी काळजी करतो म्हणून तो शांत असतो!" भाऊजी ओरडले.

"ओरडता कशाला? देवाने राखलं त्याला, एवढंच म्हणतेय मी."

देवाने! भाऊजी रात्री कुशीवर कुशी बदलत पडले. जगात कुणी पगारावर जळतं, कुणी दुसऱ्याच्या घरावर. भाऊजी चक्क देवावर जळत होते. दोर मी धरायचा, सालं माझी निघायची, आणि हात जोडायचे ते त्याला. आणि त्याहून मोठं दुखणं वेगळंच होतं. त्या क्षणी पलीकडच्या गल्लीत मेहुणा ढाराढूर झोपला असणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तशी झोप त्यांना मिळाली नव्हती. उद्या दोर तुटला तर, नजर चुकली तर, आपल्याला काही झालं तर घराचं कसं, हे सगळं त्यांच्या उशाला येऊन बसायचं. त्या निजलेल्या माणसाचा त्यांना इतका हेवा वाटला की उठून बोटं मोडावीशी वाटली. एकदा, फक्त एकदा त्याने म्हणावं, "भाऊजी, तुम्ही होतात म्हणून." त्यापुढे त्यांना काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलंच तापलं होतं. मेहुणा डोळे मिटून, ओठ हलवून उतरला. थोड्या वेळाने बादलीच्या दोराला एक झटका बसला. आहात ना?

भाऊजींनी गाठींवर नजर टाकली. गाठी ठीक होत्या, गोणपाट जागेवर होतं. मग त्यांनी बारीक दोर कठड्याच्या खिळ्याला अडकवला आणि हाताची घडी घालून बसले. विचार ना आता त्याला. बघू तो झटका देतो का.

पुन्हा एक झटका. मग लागोपाठ तीन-चार. भाऊजींच्या जिवाला जरा बरं वाटलं. आता घाबरेल, आता "भाऊजी" म्हणून बोंब ठोकेल. त्यांनी कान टवकारले. पण हाक आली नाही, झटकेही थांबले. मोठा दोर, ज्यावर माणसाचं वजन असतं, तो एकदम सैल पडला.

भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. ते धडपडत कठड्याशी गेले, वाकून पाहिलं. फळी रिकामी हेलकावे खात होती. खाली रस्त्याकडे बघायची हिंमत होईना. त्यांनी गाठ धरली आणि गुडघ्यांवर बसले. ओठ हलत होते, पण शब्द काही सुचेना. या कामाची सवय नव्हती.

तेवढ्यात गच्चीचं दार धाडकन उघडलं. मेहुणा! अंगावर सुरक्षेचे पट्टे तसेच, एका पायात चप्पल नाही, चेहरा पांढराफटक. मधल्या मजल्यावर काच बडवून कुणाला तरी खिडकी उघडायला लावली होती आणि जिने चढत धावत आला होता. त्याला असं घाबरलेलं भाऊजींनी आजवर पाहिलं नव्हतं.

"भाऊजी! काय झालं? चक्कर आली का? छातीत दुखतंय का?" तो त्यांचे हात चोळायला लागला.

"डोळा लागला होता," भाऊजी पुटपुटले. खरं सांगायला तोंड उघडेना.

"माझा जीव गेला असता हो!"

"तुला कशाची भीती? तुझा देव आहे ना?" हे मात्र बरोबर तोंडातून निघालं.

मेहुणा मटकन खाली बसला. "तो आहे. तो नाही असं वाटलंच नाही मला. तुम्ही नाही असं वाटलं." मग लाजल्यासारखा म्हणाला, "उतरताना रोज मी त्याला काय सांगतो माहितीये? मी तर तुझ्या हातात आहेच, पण भाऊजी वर एकटे असतात, उन्हात असतात, त्यांना रात्री झोप नसते असं ताई सांगते. त्यांच्याजवळ बस. एवढंच सांगतो, मग मला खाली काही वाटत नाही."

भाऊजींनी पाणी त्याच्यापुढे सरकवलं. इतकी वर्षं ज्याच्याशी उभा दावा मांडला, तो म्हणे रोज त्यांच्याच शेजारी बसायला येत होता.

पाणी पिऊन मेहुणा उठला आणि, "राहिलेली काच उरकतो," म्हणत फळी वर ओढून पुन्हा तिच्यावर बसला. गाठीकडे बघितलंसुद्धा नाही. इतका विश्वास माणसाने ठेवावा? भाऊजींना पुन्हा त्याचा राग आला, हेवाही वाटला. पण या खेपेला हेवा वेगळा होता. त्याच्याकडे जे आहे ते आपल्यालाही हवं, एवढाच.

त्यांनी बादलीचा दोर खिळ्यावरून काढून हाताला गुंडाळला. इकडेतिकडे पाहिलं. पाण्याच्या टाकीशिवाय गच्चीत कुणी नव्हतं.

"त्याचं तू बघतोसच," ते हळूच म्हणाले, जरा फुरंगटूनच. "पण तो म्हणतो तू इथे असतोस. असतोस का? मला कसं कळायचं?"

हातातल्या दोराला एक झटका बसला.

मेहुणाच होता खालून, दुसरं कोण असणार. भाऊजींनी आधी उत्तराचा झटका दिला, आणि मग डोळे पुसले.