विहीणबाईंची टर्बो

सोलापुरात आजवर जेवढ्या विहिणी होऊन गेल्या असतील त्या सगळ्यांनी मिळून मुलीच्या बापांना जेवढं बुचकळ्यात टाकलं नसेल, तेवढं एकट्या आमच्या विहीणबाईंनी मला टाकलेलं आहे. इतर विहिणी रुसतात, मानपान काढतात, दिलेल्या साडीचा काठ उलटून बघतात. त्यावर उपाय असतात आणि ते घरातल्या बायकांना ठाऊक असतात. पण जी विहीण लग्नानंतर पहिल्यांदा आपल्या घरी येते आणि पाण्याचा पेला हातात असतानाच, "अण्णा, तुम्ही वीज खात्यात होता ना? मग तुम्हाला वायरिंग कळत असेलच की," असं विचारते, तिचं काय करायचं हे कुठल्याच रीतीभातीत सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "अहो, मी बिलांच्या सेक्शनला होतो. रिटायर होईपर्यंत नुसती बिलं काढली." त्या म्हणाल्या, "बिल वायरीवरनंच येतंय की. सरे, उद्या सकाळी कारखान्यावर या." 'सरे' म्हणजे त्यांच्या तेलुगूत 'बरं, ठरलं'. माझ्याकडून काहीच ठरलेलं नव्हतं. पण त्यांचं 'सरे' आलं की समोरच्याचं 'होय' त्यातच धरलेलं असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्या आल्या हेच खरं तर आमच्या घरातलं मोठं आश्चर्य होतं. माझी मुलगी आणि त्यांचा मुलगा पुण्यात एकाच कंपनीत. त्यांनी आपसात ठरवलं आणि रजिस्टर लग्न केलं. आम्ही बौद्ध, ते विणकर पद्मशाली. त्यांच्या दिरांनी लग्नाकडे पाठ फिरवली आणि आमच्याकडच्याही काहींनी 'बघू पुढं काय होतंय' अशा चेहऱ्यानं पेढा खाल्ला. विहीणबाई आल्या, साक्षीदार म्हणून सही केली, माझ्या मुलीच्या हातात बांगड्या घातल्या आणि कारखान्यातली पाळी बदलायची वेळ झाली म्हणून निघून गेल्या. त्यानंतर दोन्ही घरांत फक्त सणावारी फोन, तेही मुलांनी जोडून दिलेले. 'कसं आहे?' 'बरं आहे.' 'पाऊस?' 'नाही.' एवढ्यावर नातं चाललेलं. त्यामुळे त्या दिवशी त्या आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून भाकरीवर शेंगाचटणी घेत जेवायला लागल्या, तेव्हा आमची ही माझ्याकडे आणि मी हिच्याकडे बघत राहिलो. त्यांचं लक्षच नव्हतं. त्या जेवताना फ्युएल पंपावर बोलत होत्या.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच तो चालवतात. अंगावर सुती साडी, पायात मुलाचे जुने स्पोर्ट शूज, कानात कापसाचे बोळे, अशा त्या मागांच्या खडखडाटात दिवसभर फिरत असतात आणि बिघडलेल्या मागाच्या अंगावर आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा हात ठेवतात. कापसाचे बोळे काढायला त्या बहुधा विसरतात. त्यामुळे त्यांच्याशी घरातही ओरडून बोलावं लागतं आणि त्याही ओरडूनच उत्तर देतात. आमच्या शेजाऱ्यांची बरेच दिवस समजूत होती की आमचं आणि विहिणीचं कडाक्याचं भांडण चालू आहे.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये रद्द झालेल्या टॉवेलांच्या ढिगामागे एक गाडी होती. लांबलचक नाकाची, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. रंग कधीकाळी लाल असावा. "जपानी स्पोर्ट कार," विहीणबाई ओरडल्या. अकलूजकडच्या एका बागायतदारानं ती तरुणपणी आखातातून आलेल्या माणसाकडून घेतली होती. पुढे ती बंद पडली आणि उसाच्या पाचटाखाली वर्षानुवर्षं पडून राहिली. विहीणबाई त्या बागायतदाराच्या नातीच्या लग्नात आहेराचे टॉवेल पोचवायला गेल्या होत्या. परतताना गाडी घेऊन आल्या. म्हाताऱ्यांनी एकच अट घातली होती, सुरू झाली की एकदा आणून दाखवायची. जुनं इंजिन गंजून दगड झालं होतं. गॅरेजवाल्या उस्तादानं, हा एमआयडीसीतले टेम्पो दुरुस्त करणारा माणूस, सरळ सांगितलं होतं, "अम्मा, जीप का डीझल इंजन डालो और चुप बैठो." त्यावर अम्मा अपघातात चेंबटलेल्या एका नव्या मोठ्या गाडीचं टर्बो इंजिन भंगारातून उचलून घेऊन आल्या होत्या.

हे सगळं कशासाठी, असा प्रश्न मला पडला आणि तो मी विचारलाही. तिथून माझ्या गोंधळाला खरी सुरुवात झाली, कारण विहीणबाईंकडे या प्रश्नाचं उत्तर नव्हतं असं नाही, तर भरपूर उत्तरं होती. माझ्या बायकोला त्यांनी 'मायलेज चांगलं पडतं' असं सांगितलं. बँकेतल्या साहेबाला 'गुंतवणूक' म्हणून सांगितलं. मुलाला फोनवर 'डॉक्टरांनी हालचाल ठेवा म्हटलंय' असं सांगितलं. दिरांना सांगितलंच नाही. आणि मला म्हणाल्या, "बघू तरी, होतंय का."

टर्बो म्हणजे काय हेही त्यांनी मला समजावून सांगितलं. "अण्णा, चूल पेटलीय असं समजा. चुलीचा धूर बाहेर जातोय की नाही? त्या धुरानं एक पंखा फिरवायचा आणि त्या पंख्यानं चुलीतच वारा घालायचा. म्हणजे चूलच चुलीला फुंकते. कळलं?" मी म्हणालो, "पण मग पहिल्यांदा कोण फुंकतं?" विहीणबाईंनी इंजिनाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही ती बॅटरी धरा नीट." बॅटरी धरणे, नट मोजून वाटीत ठेवणे आणि 'ही वायर हिरवी आहे की निळी' यावर मत देणे, ही माझी कामं. रंगांच्या बाबतीतही आमचं एकमत होत नसे. वीज खात्यातला माणूस असून मला एवढंही कळू नये याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. उलट उस्तादाला त्या अभिमानानं सांगायच्या, "हमारे अण्णा लाइट ऑफिस में थे." उस्ताद माझ्याकडे अशा नजरेनं बघायचा की मला माझंच पेन्शन संशयास्पद वाटे.

विहीणबाईंना टेप चालत नाही. त्या जगातली प्रत्येक वस्तू टॉवेलनं मोजतात. दरवाजा तीन टॉवेल, माझी मुलगी सव्वादोन टॉवेल, रस्ता लांब असला की 'एका ताग्याचा'. इंजिनही त्यांनी टॉवेलनंच मोजलं आणि नाकाखालची जागाही टॉवेलनंच. दोन्ही बरोबर जुळलं. मग साखळीला टांगलेलं इंजिन आम्ही सगळ्यांनी मिळून खाली सोडलं आणि ते चांगलं वीतभर वर राहिलं. बॉनेट काही केल्या लागेना. उस्ताद म्हणाला, "मैं बोला था अम्मा, होता नै ये." विहीणबाईंनी ते दोन टॉवेल हातात घेतले. मग त्यांनी ते एकमेकांवर ठेवले. एक कोरा होता आणि एक धुतलेला. "अय्यो," त्या म्हणाल्या, "धुतल्यावर आटतो की." बाईंचा सगळा जन्म टॉवेल विणण्यात गेला होता! आम्ही हसावं की नाही हे ठरवत असतानाच त्या स्वतः एवढ्या हसल्या की त्यांना शेवटी त्याच टॉवेलनं डोळे पुसावे लागले. मग बॉनेट कापून त्याला उंटासारखी मदार काढली. ते वाईट दिसतं असं मुलगा फोटो बघून म्हणाला. विहीणबाईंचं म्हणणं, गाडीनं मान वर केली.

इंजिन बसलं तरी ते सुरू होईना. नव्या इंजिनाला आपली अक्कल असते, म्हणजे एक छोटी पेटी असते आणि ती सगळ्या गाडीवर हुकूम चालवते. ही पेटी अजून आपल्या आधीच्या मोठ्या गाडीतच होती. मनानं, म्हणजे. ती मागच्या सीटवरच्या माणसांना पट्टा लावायला सांगत होती. या गाडीला मागची सीट नव्हती. उस्तादानं लॅपटॉप जोडून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अम्मा, ये बोलता पीछे का दरवाजा खुल्ला है. इसको पीछे दरवाजाच किदर है?" विहीणबाई हळव्या आवाजात म्हणाल्या, "माहेर आठवतंय तिला." आणि दुसऱ्या दिवशी त्या भंगारातून त्या मोठ्या गाडीची किल्ली, डॅशबोर्ड, सगळ्या वायरी आणि मागच्या दाराचं कुलूपसुद्धा घेऊन आल्या. ते कुलूप कुठे बसवायचं हे कुणालाच कळेना म्हणून वायर जोडून माझ्या हातात दिलं. सकाळपासून उस्ताद किल्ली फिरवत होता. इंजिन ढिम्म. मी कंटाळून हातातलं कुलूप चाळा म्हणून दाबलं, 'खट्' झालं आणि त्याच वेळी गाडी सुरू झाली. शेडमधली कबुतरं उडाली. उस्ताद अजूनही म्हणतो की तो योगायोग होता, त्यानं त्याच क्षणी दुसरी एक वायर हलवली होती. विहीणबाईंनी मात्र माझ्याकडे बोट दाखवून सगळ्या मागवाल्यांना ओरडून सांगितलं, "बघा! लाइट ऑफिस!" त्या दिवशी सगळ्यांना जिलबी वाटली आणि मला एक डझन टॉवेल मिळाले.

पुढे इंजिन बदलल्याची परवानगी, तपासणी, कागद, हे सगळं त्यांनी रीतसर केलं. आणि एका सकाळी आमच्या दारात ती गाडी उभी राहिली. "चला अण्णा, अकलूजला. शब्द दिलाय." मुलीचा फोन आला होता, "बाबा, तुम्ही बरोबर असा, आई जोरात चालवतात." मी बरोबर होतो, पण त्याचा उपयोग काय होता ते मला सांगता येणार नाही. आम्ही दोघंही साठीच्या पुढचे, गुडघे छातीशी घेऊन जमिनीपासून वीतभर वर बसलेलो. शहर सोडल्यावर त्यांनी पाय दाबला. काही क्षण काहीच झालं नाही. मग कुठूनतरी शीळ आली आणि माझी पाठ सीटला चिकटली. "लागली! टर्बो लागली!" त्या ओरडल्या. मोहोळ कधी मागे पडलं मला माहीत नाही, माझे डोळे मिटलेले होते.

म्हातारे बागायतदार ओसरीवर वाटच बघत होते. काठी टेकत आले, रंगावरून तळहात फिरवला. नाकात लपलेले दिवे वर-खाली होतात ते करून दाखवायला लावलं आणि लहान मुलासारखे हसले. "लई बेस केलंत बाई. आता सुरू करा." विहीणबाईंनी किल्ली फिरवली. म्हाताऱ्यांनी मान तिरकी करून ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "गाडी झकास झालीया. पन ह्यो आवाज हिचा न्हवं. ती खाकरायची. कालव्यापासनं ऐकू यायची. आमच्या मंडळी आवाज आला की तवा चुलीवर टाकायच्या. आता ही दारात येस्तवर कुणाला कळणार बी न्हाय." ते रागावले नव्हते. त्यांनी चहा दिला, सुनेला हाक मारून विहीणबाईंची ओटी भरायला लावली, फाटकापर्यंत सोडायला आले.

परत येताना विहीणबाईंनी टर्बो लावलीच नाही. ट्रक आम्हाला ओलांडून जात होते, उसाची ट्रॅक्टर-ट्रॉलीसुद्धा गेली. मोहोळच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन चालू ठेवलं आणि कानातले कापसाचे बोळे काढून मुठीत धरले. मग इतक्या हळू बोलल्या की मला पहिल्यांदा कळलंच नाही.

"अण्णा, चुकलं का हो माझं?"

इतक्या महिन्यांत त्यांनी मला पुष्कळ विचारलं होतं, वायर हिरवी की निळी, पाना कुठे ठेवला; पण त्यातल्या कशाच्याही उत्तरावर काही अडलं नव्हतं. या उत्तरावर अडलं होतं. जुनं इंजिन, नवं इंजिन, म्हातारबाबांची मंडळी, हे सगळं माझ्या डोक्यात एकदम गोळा झालं. मी म्हणालो, "विहीणबाई, मला त्यातलं खरंच काही कळत नाही. पण मला हिचा हा एकच आवाज माहीत आहे. मला तर हिचाच वाटतो."

त्यांनी बोळे पुन्हा कानात घातले. पटलं की नाही काही कळायला मार्ग नव्हता. मग "सरे" म्हणाल्या आणि गिअर टाकला.

मागच्या वर्षी नात झाली आणि विहीणबाई पुण्याला गेल्या. कारखाना त्यांचा पुतण्या बघतो. पुण्यात त्या इमारतीत एवढ्या लांब नाकाला जागा नाही, म्हणून गाडी आमच्याकडे असते. तिच्यावर पांघरायला आम्ही टॉवेल जोडून खोळ शिवली आहे. दर रविवारी मी ती सुरू करायची आणि फोन बॉनेटजवळ धरायचा, असं त्यांनी ठरवून दिलं आहे. पलीकडे त्या ऐकत असतात. मागे नातीचं कुरकुरणं ऐकू येतं, कुणीतरी भांडी आवरत असतं. मग आवाज येतो, "बंद करा आता, पेट्रोल जळतंय." मी होय म्हणतो, फोन ठेवतो आणि गाडी मात्र तशीच चालू ठेवून बाजूला उभा राहतो. आमची ही खिडकीतून विचारते, "अहो, फोन झाला ना? मग उभे काय राहिलात?"

मी तिला हातानं थांब म्हणतो. कशासाठी, ते मला अजून नीट सांगता आलेलं नाही.